तळघरातलं पाणी बाहेर काढायचं कसं? ड्रेनेज वर, आम्ही खाली

चाकावरची (९ जून २०२५)

नमस्कार मंडळी. विषय जरा ओलसर आहे.

पुण्यात सहकारनगरला आमचा १९८८ चा बंगला आहे. तळघरात सासऱ्यांचा छापखाना होता. ट्रेडल मशीन भंगारात गेलं, टाइपाच्या केसेस लोकांनी शोभेला नेल्या. आता उरलाय तो तीस बाय अठराचा हॉल आणि स्विचबोर्डाशेजारी शाईच्या बोटांचे ठसे. मी मातीची भांडी करते, तेव्हा तिथे स्टुडिओ थाटायचा आणि शनिवार-रविवार आठ-दहा जणांचे वर्ग घ्यायचे असं मनात आहे. त्यासाठी खाली एक सिंक आणि एक टॉयलेट हवं.

घोडं इथेच अडलंय. ड्रेनेजचं चेंबर मागच्या अंगणात आहे आणि त्यातला पाइप जमिनीखाली जेमतेम पावणेतीन फुटांवर. तळघराची फरशी साडेआठ फूट खाली. शिवाय पूर्वेकडच्या भिंतीच्या कोपऱ्यातून पाणी पाझरतं. सासरे तिथल्या दीड फुटी खड्ड्यात मड पंप सोडून उपसायचे. या वर्षी मे महिन्यातच पावसानं गाठलं, तेव्हा मीही आठवडाभर तेच केलं.

प्लंबर म्हणतो, "मॅडम, तोच खड्डा मोठा करू, सगळं त्यात सोडू, वर एक पंप. दोन दिवसांचं काम." आर्किटेक्ट मैत्रीण म्हणते, तळघरात टॉयलेट नकोच. नवरा म्हणतो, सायफन करता येईल का बघ. (तो सीए आहे.)

कुणी केलंय का असं काही? खर्च, कटकट, वास, सगळं सांगा.

चहाटळ

सीए लोकांना तोटा वरच्या मजल्यावर सरकवता येतो, पाणी नाही. सायफनचं दुसरं टोक पहिल्यापेक्षा खालीच असावं लागतं म्हणावं.

नळराजा

नाशिकला ही कामं करतो म्हणून लिहितो. तुमच्या प्लंबरला आधी थांबवा. पाझराचं पाणी आणि संडासाचं पाणी एका खड्ड्यात कधीच घ्यायचं नाही. पाझराचा खड्डा उघडा असतो, त्याच्या भिंतींतून पाणी आत येतं. म्हणजे पंप बंद पडला की मैलापाणी त्याच वाटेनं बाहेर मातीत जाणार, आणि खोलीत वास येणार तो वेगळाच. दोन खड्डे, दोन पंप, दोन पाइप. पाझराचं पाणी तुलनेनं स्वच्छ असतं. ते बागेत, शोषखड्ड्यात नाहीतर पावसाच्या गटारात सोडा, ड्रेनेजमध्ये नको.

दुसरं म्हणजे मड पंप आणि सीवेज पंप एक नव्हेत. संडासासाठी घन मैला गिळणारा पंप लागतो. पाटीवर 'सॉलिड हँडलिंग' किती एमएम ते लिहिलेलं असतं. चाळीस-पन्नास बघा.

ईशान्यमुखी

तळघर वास्तूच्या कुठल्या भागात येतं ते लिहिलं नाहीत. नैऋत्येला पाण्याचा खड्डा असेल तर आधी तो बुजवा, बाकीचं नंतर.

चहाटळ

बुजवला तर पाणी कुठे जायचं? आग्नेयेला, गीझरमध्ये?

निवृत्त_जेई

चाकावरची ताई, पंपाच्या खरेदीला निघण्याआधी चार गोष्टी तपासून इथे लिहा. आयुष्यभर ड्रेनेजमध्ये काढलं, त्यातली निम्मी वर्षं लोकांनी अंदाजानं केलेली कामं उकरण्यात गेली.

१. लेव्हल. 'पावणेतीन फूट', 'साडेआठ फूट' हे डोळ्यांनी की टेपनं? अंगण आणि घराची जोती एका पातळीत नसतात. गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडे काढा. एक टोक चेंबरपाशी, दुसरं तळघराच्या जिन्यात. चेंबरचं झाकण उघडून पाइपाच्या तळापर्यंत माप घ्या, पाइपाच्या माथ्यापर्यंत नव्हे. आम्ही त्याला इन्व्हर्ट लेव्हल म्हणतो. सगळा हिशेब तिथून सुरू होतो.

२. सहकारनगर म्हणजे तळजाईचा उतार. तुमच्या खालच्या अंगाला गल्ली असेल आणि तिथली लाइन खोल असेल तर कदाचित पंप लागणारही नाही. चार इंची पाइपाला चाळीस फुटाला एक फूट उतार धरा, बसतंय का बघा.

३. पाझर कधी येतो? फक्त पावसात की एरवीही? नळाला पाणी येतं त्या वेळेत वाढतो का?

४. रस्त्यावरचं मेनहोल जोराच्या पावसात कधी तुंबलेलं पाहिलंय का?

चाकावरची

काका, २ चं उत्तर लगेच देते. पूर्वेचा शेजार खालच्या अंगाला आहे आणि त्यांच्या पलीकडे गल्ली आहे. पण पाइप त्यांच्या आवारातून न्यावा लागेल. त्यांच्या आंब्याच्या फांद्या आमच्या बाजूच्या आम्ही २०११ मध्ये छाटल्या, तेव्हापासून बोलणं बंद आहे. १, ३ आणि ४ रविवारी करते.

चहाटळ

म्हणजे ग्रॅव्हिटी आहे, पण परवानगी नाही.

म्युनिकचा_मावळा

निवृत्त_जेई यांचा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं लिहितो.

इकडे जर्मनीत जवळजवळ प्रत्येक घराला 'केलर', म्हणजे तळघर. त्यात वॉशिंग मशीन, बटाटे, सायकली आणि एक तरी मराठी माणसाचा लोणच्याचा डबा. त्यामुळे याचे नियम तपशिलात आहेत. मुख्य कल्पना 'र्‍युकश्टाउएबेने', मराठीत उलट-तुंबारा पातळी म्हणू. रस्त्यातली लाइन तुंबली की पाणी रस्त्याच्या पातळीपर्यंत चढणार हे धरूनच चालायचं. स्थानिक संस्थेनं वेगळं काही ठरवलं नसेल तर जोडणीच्या जागी रस्त्याची जी पातळी तीच ही पातळी. तिच्याखाली जे जे भोक आहे, फरशीचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण), सिंक, कमोड, त्यातून ते पाणी वर येऊ शकतं.

म्हणून पंपाचा पाइप थेट चेंबरमध्ये नेऊन सोडत नाहीत. तो आधी रस्त्याच्या पातळीच्याही वर चढवतात, उलट्या यूसारखं वळण देतात आणि मग खाली उतरवून लाइनीला जोडतात. लाइन तुंबली तरी पाणी ते वळण ओलांडून मागे येत नाही. पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतोच, पण भरवसा वळणावर. व्हॉल्व्हच्या झडपेत एक चिंधी अडकली की संपलं.

नुसता बॅकवॉटर व्हॉल्व्ह (लाइनीतून उलटं येणारं पाणी अडवणारी झडप) बसवून भागवायला परवानगी असते, पण अटी आहेत: लाइनीकडे उतार असला पाहिजे, वापरणारे मोजके, खोली बिनमहत्त्वाची, आणि त्या लोकांना वरच्या मजल्यावर दुसरं टॉयलेट उपलब्ध असलं पाहिजे. तुमच्याकडे उतारच नाही, त्यामुळे तो पर्याय बादच.

कोल्हापुरी_ठसका

मावळ्यांनी जे जर्मनमध्ये सांगितलं ते आम्ही पाण्यात उभं राहून शिकलोय. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या रस्त्यावर यायच्या आधी घरातल्या मोरीतनं वर आलं बघा. आई म्हणाली, कुणी नळ चालू ठेवला रे? बघतोय तर जाळीतनं गुडूगुडू काळं पाणी. रस्ता कोरडा ठणठणीत आणि घरात घोटाभर!

नंतर व्हॉल्व्ह बसवला. २०२१ च्या जुलैत परत पूर. व्हॉल्व्हनं बाहेरचं पाणी अडवलं, एक नंबर. पण वरच्या मजल्यावर पाहुणे आलेले, ते निवांत अंघोळीला गेले. व्हॉल्व्ह मेन लाइनीवर, मिटलेला. मग त्यांच्या अंघोळीचं पाणी जाणार कुठं? खालच्या मोरीतनं आमच्याच घरात. साबणाच्या फेसासकट!

म्युनिकचा_मावळा

@ठसका, अगदी हीच चूक! वरच्या मजल्यांचं पाणी त्या व्हॉल्व्हमधून जाताच कामा नये. ते सरळ पुढे जोडायचं, व्हॉल्व्ह फक्त खालच्या शाखेवर.

बर्फातला_बटाटा

शिकागोच्या उपनगरातून लिहितोय. इथे गटार आणि पावसाचं पाणी जुन्या भागात एकाच लाइनीत जातं, त्यामुळे मोठ्या पावसात बेसमेंटमध्ये 'पाहुणे' येणं नेहमीचं. आमच्या जुन्या घरात आधीच्या मालकानं फरशीच्या ड्रेनमध्ये तीन फुटी उभा पाइप आटे लावून फिरवून ठेवला होता. लाइन तुंबली की पाणी त्या पाइपात चढून थांबतं, फरशीवर येत नाही. गरिबाचा उपाय, पण तीन फुटांपर्यंतच. त्याहून वर चढलं की कारंजं. आणि तेवढ्या दाबानं फरशीखालचा जुना पाइपही फुटू शकतो.

आम्ही शेवटी 'ओव्हरहेड सीवर' करून घेतलं. बेसमेंटचं सगळं सांडपाणी झाकणबंद पिटमध्ये, तिथून पंप ते छताजवळच्या आडव्या पाइपात चढवतो आणि मग ते उतारानं बाहेर. वरच्या मजल्यांचं पाणी पिटमध्ये येतच नाही, ते थेट त्या वरच्या पाइपाला. लाइट गेली तरी वरची टॉयलेटं चालू. खर्च विचारू नका, त्या पैशांत दोघांची भारतवारी दोनदा झाली असती.

जाता जाता गंमत: हे शहर इतकं सपाट आणि तळ्याच्या पातळीला टेकलेलं की १८५० च्या दशकात गटारं पुरायला खोलीच मिळेना. चेस्ब्रो नावाच्या इंजिनिअरनं मग गटारं जमिनीवरच टाकायला लावली, वर भराव घालून रस्ते उंच केले आणि मागाहून विटांच्या अख्ख्या इमारती स्क्रू-जॅकनी उचलून रस्त्याला आणल्या. आत हॉटेलं चालू असताना! आणि १९७५ नंतर उलटं: शहराखाली १०९ मैल लांबीचे बोगदे, काही ठिकाणी तीनशे फूट खोल, तुंबलेलं पाणी तात्पुरतं साठवायला. बोगदे २००६ ला पुरे झाले.

चहाटळ

ताई, उपाय सापडला. बंगलाच साडेआठ फूट उचला.

मुंबईचा_उंदीर

शिकागो कशाला, वरळीला या. भरतीला समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडाच्या वर जाते, फाटकं बंद करावी लागतात, आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, ईर्ला इथले पंप पाणी उचलून समुद्रात टाकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा हे पंप नव्हतेच. निम्मी मुंबई म्हणजे चाकावरची ताईंचं तळघरच आहे, फक्त भाडं जास्त.

लंडनची_पालेभाजी

कुणी मॅसरेटर टॉयलेटचा विषय काढला नाही म्हणून. इथल्या भाड्याच्या बेसमेंट फ्लॅटमध्ये आमच्याकडे चार वर्षं होतं. कमोडच्या मागे पांढरी पेटी, आत पाती. मैला दळून बारीक, बोटभर जाड पाइपातून वर ढकलते. फरशी फोडावी लागत नाही हा मोठा फायदा.

तोटा: आवाज. रात्री दोनला कुणी गेलं की अख्ख्या घराला कळतं. आणि पाहुण्यांना बजावून ठेवावं लागतं की कागदाशिवाय काही टाकू नका. आमच्या एका मावससासूबाईंनी कापूस टाकला. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील.

ताई, तुमच्याकडे अनोळखी विद्यार्थी येणार. त्यांना रोज कोण बजावणार?

नळराजा

मॅसरेटर इकडे मिळतं, पण बिघडल्यावर हात लावणारा माणूस शोधावा लागतो. पंप कुठल्याही मोटार वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होतो. मी पंपवाला पक्ष.

आणि ताई, मुख्य म्हणजे माती! तुमच्या सिंकमधून चिकणमातीचं पाणी खड्ड्यात गेलं तर तळाला सिमेंटसारखी बसेल, पंप चालू-बंद करणारा तरंगता फ्लोट तिच्यात रुतेल, पंप एकतर चालूच होणार नाही नाहीतर बंदच होणार नाही. एका शाळेच्या चित्रकला वर्गात हे काढलंय मी, खुरप्यानं.

चाकावरची

@नळराजा, ते आम्ही आधीपासून करतो. तीन बादल्या. पहिलीत हात आणि हत्यारं धुवायची, दुसरीत खंगाळायची, तिसरीत शेवटचं. रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं, तळाची माती पुन्हा मळायला. माती महाग आहे हो, गटारात कोण घालवतं! प्लास्टर ऑफ पॅरिसला तर सिंकच्या जवळही फिरकू देत नाही, ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. सिंकमध्ये जाईल ते तिसऱ्या बादलीनंतरचं.

पण खरं सांगू का, इतकं सगळं वाचून टॉयलेटचा उत्साह थोडा कमी झालाय.

निवृत्त_जेई

कमी होऊ द्या, पण गणित बघूनच. समजा तुमची मापं बरोबर आहेत. फरशी २.६ मीटर खाली. खड्डा तिच्याखाली अजून १ मीटर, कारण कमोडचा पाइप उतारानं खड्ड्यात यायला हवा. मावळ्यांचं वळण जमिनीच्या वर ४० सेंमी. म्हणजे पाणी ४ मीटर उचलायचं, घर्षण धरून ५ म्हणा. पंपाच्या डब्यावर 'कमाल हेड १० मीटर' लिहिलेलं असतं. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची. त्या १० मीटरला पाणी शून्य येतं. दुकानदाराला विचारा, ५ मीटरला मिनिटाला किती लिटर?

का विचारायचं? पाइपात मैला बसू नये म्हणून पाणी सेकंदाला किमान ०.७ मीटर वेगानं जायला हवं. ५० एमएमच्या पाइपात त्याला मिनिटाला ८२ लिटर लागतात. त्याहून कमी देणारा पंप स्वस्त मिळेल, पण उभ्या पाइपात गाळ धरेल.

खड्डा फार मोठाही करू नका. 'मोठा असला की बरा' हा आपला स्वभाव, पण मैलापाणी साठून राहिलं की कुजतं. ६० सेंमी व्यासाचा पुरतो, वर घट्ट झाकण आणि हवेचा पाइप. त्यात १० सेंमी पातळी म्हणजे २८ लिटर.

नळराजा, व्हॉल्व्ह आणि पंपाच्या मधल्या भोकाबद्दल तुम्ही सांगा.

नळराजा

काकांनी मनातलं ओळखलं. पंपाच्या वर, व्हॉल्व्हच्या खाली, खड्ड्याच्या आत पाइपाला पाच एमएमचं भोक पाडतात. नवीन पोरं त्याला गळती समजून एमसील लावतात. ते भोक हवा निघायला असतं. नसेल तर पंपात हवा अडकते, मोटार नुसती गुणगुणते, पाणी चढत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या कामात हे झालं. गिऱ्हाइकाला दुसरा पंप घ्यायला लावला, तोही गुणगुणला. शेवटी वडिलांनी ड्रिल मागवलं.

आणखी एक. डिलिव्हरीला प्रेशर पाइपच वापरा. एसडब्ल्यूआर पाइप ड्रेनेजचा आहे म्हणून लावतात, पण त्याचा रबर रिंगचा सांधा दाबानं निसटतो. तळघरात संडासाच्या पाइपाचा सांधा निसटला की काय होतं हे मी सांगत नाही, पालेभाजीताईंच्या नियमानुसार.

पेठेतला_पाहुणा

झाकणबंद खड्डा म्हणताय, मग हवेचा पाइप का? बंद म्हणजे बंद ना?

निवृत्त_जेई

खड्ड्यात पाणी शिरताना आतली हवा कुठे जाईल? आणि पंप उपसतो तेव्हा हवा आत आली नाही तर घरातल्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेईल. मग वास खोलीत मोकळा. म्हणून गच्चीपर्यंत व्हेंट पाइप. पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं, त्या नळाच्या वाटेवर हवा सुटायला उंच बांधकामं आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नाव किती नेमकं आहे बघा.

पेठेतला_पाहुणा

आमच्या वाड्याजवळ एक होता! लहानपणी आम्ही त्याला देऊळ समजून नमस्कार करायचो.

मांडवीकाठ

गोव्यातून एक सावधगिरी. खड्ड्यासाठी प्लास्टिकची तयार टाकी पुरणार असाल तर ती तरंगते! आमच्या शेजाऱ्यांनी दोन हजार लिटरची सेप्टिक टाकी मे महिन्यात पुरली, वापर सुरूच केला नाही. जूनमध्ये जमिनीतलं पाणी वर आलं, रिकामी टाकी खालून दोन टनांनी ढकलली गेली आणि सकाळी तुळशीवृंदावनाशेजारी हत्तीच्या पिल्लासारखी वर. पाइपांसकट. काँक्रीटमध्ये जखडावी लागते.

तळघराच्या फरशीचंही तेच. बाहेर पाणी एक मीटर वर असेल तर प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टन दाब. त्यामुळे आतून केमिकल फासून पाझर थांबवला की पाणी दुसरीकडून फुटतं.

वीजवाली

पंपांबद्दल एवढं लिहिलंत, पण जोराचा पाऊस आणि लाइट जाणं एकाच वेळी होतं हे पुणेकरांना सांगायला नको. घरातला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर एक एचपीची मोटार सुरू करू शकत नाही. चालताना ती हजारेक वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. पाझराच्या खड्ड्यासाठी बॅटरीवरचा छोटा डीसी पंप वेगळा ठेवा. दोन्ही खड्ड्यांना वरच्या पातळीचा अलार्म, तो तळघरात नव्हे, स्वयंपाकघरात वाजेल असा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ओल्या फरशीवर पाय ठेवूच नका.

सुमाळ

मी विरोधी मत मांडते, रागावू नका. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. पाणी ड्रेनेजमधून नाही, दारातून आलं. तुम्ही पंपाचा विचार करताय, पण आठ-दहा माणसं खाली असताना जिन्यावरून लोंढा आला तर? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? तळघराचा असा वापर तुमच्या मंजूर नकाशात बसतो का?

चाकावरची

@सुमाळ, रागवत नाही. दोन रात्री हाच विचार करतेय. जिना घराच्या आतून आहे, अंगणापासून दोन पायऱ्या वर चढून मग खाली. दुसरी वाट म्हणजे कागदाचे रीम उतरवायची झडप, रस्त्याच्या बाजूला. तिला आता लोखंडी शिडी लावते आणि बाहेरून उंबरा. वापराचं आर्किटेक्ट मैत्रीण लेखी विचारतेय. उत्तर येईपर्यंत वर्ग अंगणातल्या शेडमध्ये.

निवृत्त_जेई

उत्तम. अजून एक, हे सगळ्यांसाठी. मैल्याच्या खड्ड्यात माणूस उतरेल अशी रचनाच करू नका. पंप साखळीनं वरून ओढून काढता आला पाहिजे, पाइपाला युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, हाताला लागेल इतक्या उंचीवर. खड्ड्यातला वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकाला वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं हवा साफ झाली. २०१३ च्या कायद्यानं गटारात, सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. तरी 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून उतरवतात. मी दोन अंत्ययात्रांना गेलोय.

चाकावरची (१६ जून)

रविवारचा अहवाल.

मापं: चेंबरचा इन्व्हर्ट अंगणापासून ८५ सेंमी, तळघराची फरशी २.६ मीटर. माझा अंदाज बरोबर निघाला, पण नळी धरून उभं राहताना नवऱ्याला सायफन का होणार नाही ते समजलं, हा बोनस.

मेनहोल: समोरचे आजोबा म्हणाले, कोपऱ्यावरचं दोनदा तुंबलेलं पाहिलंय.

पाझर: इथे गोंधळ आहे. खड्डा रिकामा केला आणि तासातासाला खडूनं रेघ मारली. शनिवारी दुपारी पाऊस चांगला झाला, तासाला जेमतेम दोन बोटं. रविवारी पाऊस नाही, पण सकाळी सहा ते आठ मध्ये वीतभर! काका, त्या वेळेत आमच्याकडे नळाला पाणी येतं.

निवृत्त_जेई

म्हणूनच तिसरा प्रश्न विचारला होता. ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली मिळवा. खड्ड्यात नुकतं आलेलं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं पाणी. मातीतून येताना क्लोरीन मरतोही, त्यामुळे पिवळं झालं नाही म्हणून सर्व्हिस पाइप (घराला नळाचं पाणी आणणारा) निर्दोष समजू नका. घरातले सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटरचा काटा बघा.

चाकावरची

फिकट पिवळं. आणि काटा फिरतोय.

चहाटळ

सदतीस वर्षं छापखान्यात फुकट मिनरल वॉटर.

ईशान्यमुखी

पूर्वेकडून शुद्ध पाणी येत होतं म्हणजे वास्तू उत्तमच होती की.

नळराजा

१९८८ चा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असणार. आता हात लावला की बिस्किटासारखा तुटेल. सगळाच बदला, तुकडा नको.

चाकावरची (२१ सप्टेंबर)

धागा वर आणतेय, कारण काम झालं.

टॉयलेट तळघरात केलंच नाही. जोत्याच्या पातळीवर जिन्याखाली सासऱ्यांची कागदाची कोठी होती, तिथे बसवलं. तिथून चेंबरपर्यंत उतार मिळतो, पंप नाही, काही नाही. तळघरातून सोळा पायऱ्या चढाव्या लागतात, तेवढं चालतं.

खाली फक्त सिंक. तीन बादल्या, मग सिंक, मग झाकणाचा छोटा खड्डा, अर्धा एचपी पंप. पाइप अंगणाच्या वर गुडघाभर चढून वळतो आणि चेंबरात उतरतो. पाच एमएमचं भोक मी स्वतः उभं राहून पाडून घेतलं, प्लंबर म्हणाला गळेल. पाझराचा खड्डा वेगळा, त्याचं पाणी बागेत. पावसाळाभर तो पंप दिवसातून फार तर दोनदा लागला.

वापराबद्दलचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. तोवर चाक खाली, विद्यार्थी वर शेडमध्ये.

कोल्हापुरी_ठसका

झकास! पहिलं भांडं काकांना पाठवा.

चहाटळ

ते सगळं ठीक. नळाचा गळका पाइप पूर्वेच्या कुंपणाकडून होता ना? शेजाऱ्यांशी बोलावं लागलं का?

चाकावरची

खणताना ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. पाइपाच्या भोकाभोवती मुळांचा हा एवढा झुबका, अख्खा त्यांच्या आंब्याचा. दोघंही बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. मग तेच म्हणाले, "तरीच उन्हाळ्यात कधी पाणी घालावं लागलं नाही."

मेमध्ये एक पेटी पाठवतो म्हणालेत.